मदत हवी आहे: दुकानासाठी पोर्टा केबिन की कंटेनर? आणि आत कागदी कंदील कसे टांगावेत?

20 × 8 फुटांत छोटं दुकान थाटायचं आहे. पुढे विक्री, मागे एक टेबल. काही वर्षांनी जागा बदलावी लागेल, त्यामुळे पक्कं बांधकाम नको. जुना शिपिंग कंटेनर कापून घ्यावा की तयार पोर्टा केबिन (कारखान्यात बनवलेली, उचलून नेता येणारी पत्र्याची खोली) घ्यावी, हे ठरत नाहीये. आतल्या छताला 10-12 गोल कागदी कंदील, आत दिवे लावून, एका ओळीत टांगायचे आहेत. अशा ओळी मधोमध झोळ पडून लोंबतात आणि कंदील वरच्या कडेला फाटतात, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते कसं टाळायचं? केबिन घेताना काय तपासावं?

प्रतिसाद 1

आधी कंदिलांचं ठरवा, मग केबिनची ऑर्डर द्या. उलट केलंत तर छतात हूक कुठे मारायचा हाच प्रश्न उरतो.

पहिला मुद्दा उंचीचा. साध्या कंटेनरची आतली उंची सुमारे 2.39 मीटर असते. आतून 50 मिमी इन्सुलेशन आणि त्यावर बोर्ड बसला की 2.3 मीटरच हातात राहते. त्यात 40 सेंमीचा कंदील आणि वर 10 सेंमी हूक-तार धरा. कंदिलाचं बूड 1.8 मीटरवर येतं, म्हणजे उंच गिऱ्हाइकाच्या कपाळावर. चालायच्या वाटेवर 20-25 सेंमीचेच कंदील लावा. मोठे हवे असतील तर फक्त काउंटरच्या वर, जिथे खालून कोणी जात नाही. हाय क्यूब कंटेनर एक फुटाने जास्त उंच असतो. पोर्टा केबिनची उंची बहुतेक कारखाने मागणीप्रमाणे वाढवून देतात.

आता कंटेनर की केबिन. कंटेनरच्या नालीदार भिंती स्वतः भार घेतात. लांब बाजूला मोठं शटर कापलं की वरची कड खाली वाकते, शटर अडकू लागतं. म्हणून कापण्याआधी त्या चौकटीभोवती जाड चौकोनी पाइप वेल्ड करून घ्यावाच लागतो. पोर्टा केबिनमध्ये भार लोखंडी सांगाड्यावर असतो, पॅनेल नुसती भरलेली असतात. दोन खांबांच्या मध्ये कुठेही उघडी जागा ठेवता येते. तुम्हाला पुढची बाजू मोकळी हवी आहे, त्यामुळे माझं मत पोर्टा केबिनला. दर काही महिन्यांनी उचलून न्यायची असती तर कंटेनरच सुचवला असता. त्याचे कोपरे उचलण्यासाठीच बनवलेले असतात.

प्रतिसाद 2

पॅनेलबद्दल भर घालतो. 50 मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम) जेवढी उष्णता अडवतं तेवढीच अडवायला थर्माकोलचं पॅनेल साधारण 75-80 मिमी लागतं. दुकानात एसी लावणार असाल तर पफच घ्या, निदान छताला तरी. दोन्ही फोम जळतात, हे मात्र लक्षात ठेवा. मागच्या बाजूला शेगडी किंवा जास्त तापणारं काही असेल तर त्या भिंतीला रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) पॅनेल मागा, ते जळत नाही.

थर्माकोल पॅनेलमधून पीव्हीसीची वायर उघडी नेऊ नका. वायरच्या आवरणातलं मऊपणा देणारं द्रव्य थर्माकोल शोषून घेतं, आवरण कडक होऊन तडकतं. सगळी वायरिंग पाइपमधूनच घ्या. मुख्य स्विचशेजारी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि लोखंडी सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग जोडून घ्या. पत्र्याच्या खोलीत याला पर्याय नाही.

प्रतिसाद 3

कंदिलांचा झोळ. चूक बहुधा तार कमी ताणली ही नसते, भलत्या ठिकाणी बांधली ही असते.

हिशेब बघा. 12 कंदील, होल्डर, एलईडी आणि वायर मिळून साधारण दीड किलो. सहा मीटर तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि मधे 20 सेंमी झोळ चालवून घेतला, तर टोकाला सुमारे 5.6 किलोचा ओढा येतो. झोळ 5 सेंमीवर आणायचा म्हटलं की तोच ओढा 22 किलोच्या पुढे जातो. वजन तेवढंच, पण तार जितकी सरळ तितकी टोकं ओढली जातात. पॅनेलचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्यातला स्क्रू एवढ्या ओढ्याला हळूहळू भोक मोठं करत बाहेर येतो, मग तार सैल पडते.

उपाय दोन. कारखान्यातच छताच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, 25 × 25 मिमीचा चौकोनी पाइप सांगाड्याला वेल्ड करून घ्या आणि प्रत्येक कंदील त्यालाच सुटा टांगा. मग ताणलेली तार लागतच नाही. हे सगळ्यात उत्तम. तार लावायचीच असेल तर 2 मिमीची स्टीलची दोरी, एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू), दोन्ही टोकं सांगाड्याच्या खांबांना आणि मधे दर दीड मीटरला पाइपवरून एक आधार. नायलॉनची मासेमारीची दोरी काही आठवड्यांत ताणून लांब होते, तिला ओळीचा भार देऊ नका.

केबिन आधीच बनली असेल तर छतात मारायच्या स्क्रूची लांबी पॅनेलच्या जाडीपेक्षा कमी हवी. लांब स्क्रू वरचा पत्रा भोसकतो, आणि पहिल्या पावसात पाणी थेट कंदिलावर.

धागाकर्ता

फार उपयोगी माहिती, धन्यवाद. चुंबकाचे हूक चालतील का? आणि कंदील वरच्या कडेला फाटतात ते का?

प्रतिसाद 3

चुंबकावर लिहिलेली ताकद जाड लोखंडी पाटीवर मोजलेली असते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर तिचा थोडाच भाग मिळतो. सरळ खाली लोंबणारा एक हलका कंदील तो धरेल, पण आडवी ओढणारी तार नाही, हूक सरकत जातो. छताला पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम असेल तर चिकटणारच नाही.

कड फाटते कारण भार कागदावर येतो. कंदिलाच्या आत तारेचा ताण्या असतो. आधी त्याचे खालचे आकडे खालच्या कड्यात अडकवा, मग कंदील हळूहळू वर ओढून वरचे आकडे बसवा. घडीचा कागद बोटांनी ताणू नका, कड्यांना धरूनच उघडा. टांगायचं ते ताण्याच्या वरच्या फासाला. होल्डरचं वजन वायरवर किंवा कागदाच्या कडेवर येता कामा नये, वायर हूकला क्लिपने पकडा. दिवा 3 ते 5 वॅटचा एलईडी, 2700 केल्विनचा (पिवळसर उजेडाचा), आणि बरोबर मधोमध. तिरका बसला की एका बाजूला झगझगीत ठिपका दिसतो. वरचं तोंड झाकू नका, उष्णता तिथूनच निघते. साधा फिलामेंटचा बल्ब किंवा मेणबत्ती कागदात अजिबात नको, वर फोमचं छत आहे.

एसीचा झोत ओळीवर येत नाही ना, हेही बघा. दमट हवेत कागद सैल पडतो. दाराबाहेर लावायचे असतील तर कापडी नायलॉनचे घ्या.

प्रतिसाद 1

ताब्यात घेताना: मजल्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे हवेत. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी बघा आणि लांब बाजूंना मधेही सिमेंटचे ठोकळे द्या, नाहीतर तळाचा लोखंडी चॅनेल वाकतो, दार घासतं. छतावर बादलीभर पाणी ओतून थांबा. ते साचलं तर उतार चुकलेला आहे, आत टिपकलं तर स्क्रूखालचे रबरी वॉशर बघा.

कंदिलांचा पाइप ड्रॉइंगमध्ये दाखवून त्यावर कारखान्याची सही घ्या, तोंडी सांगून विसरतात.