दसरा झाला की गाव रिकामं: हंगामावर, वाटेवर दिवस काढलेल्यांनी लिहा

डोंगरपट्टा
परवा रात्री सोलापूरहून पुण्याला येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो. शेजारी ट्रॅक्टर उभा, मागं दोन ट्रॉल्या. बाजरीची पोती, ताडपत्री, पत्र्याची पेटी, डालग्यात कोंबड्या, एक शेळी आणि त्या सगळ्यावर माणसं. एक पोरगी गोधडीतनं फक्त डोळे काढून बघत होती. कुठले विचारलं, तर बीडकडच्या धारूरचे. आमच्याच डोंगरातले. मग गाडी चालू करवेना, अर्धा तास तिथंच बसलो.

माझे सहा हंगाम असेच गेले. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा, आजी ओट्यावर उभी राहायची. शाळेच्या हजेरीत दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत मी नाहीच. तिकडं सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात आई-बापू कोयत्याला, मी कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या बहिणीपाशी. रात्री दोनला ट्रक आला तरी उठायचं. डोक्यावर मोळी, पायाखाली हलणारी फळी.

पण सगळ्यात जास्त आठवतो तो रस्ता. एक रात्र, एक दिवस ट्रॉलीत. आईला ना चूल, ना कोयता, ना पाण्याची घागर. आम्हा दोघांना मांडीशी घेऊन नुसती बसायची. वाचता येत नव्हतं तिला, पण पूल आणि देवळं ओळखून पुढचं गाव कुठलं ते सांगायची. आई रिकामी बसलेली मी वर्षातनं दोनदाच बघितली, जाताना आणि येताना.

तुमचंही लिहा. ऊसच पाहिजे असं नाही.

मेंढका
आमची मेंढरं. फलटणकडनं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात. भात निघालेल्या शेतात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात नाहीतर पैसे देणार. सगळं बिऱ्हाड घोडीवर. कोकरं, भांडी आणि लहान असताना मीसुद्धा. पावसाच्या आत परत वर यायचंच, कोकणातल्या ओलीत मेंढरांचे खूर सडतात. आता पोरं विचारतात घर कुठलं, तर काय सांगू? आज्जाला प्रत्येक मुक्कामाचं झाड माहीत होतं. रस्ता रुंद करताना त्यातली बरीच गेली. फार वाईट वाटतं ओ.

स्वाती_पुणे३८
टेंभुर्णीला चहा कुठं घेतला? आम्ही दर महिन्याला जातो, चांगला मिळत नाही.

डोंगरपट्टा
ताई, पुलाजवळ टपरी आहे. आल्याचा.

केजची लेक
भाकरी टाकता टाकता लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. पंधराव्या वर्षी लग्न आणि त्याच साली कोयता. सातव्या महिन्यापर्यंत मोळी उचलली. पाळी असली तरी खाडा करायचा नाही, पैसे कापतात. फडात ना आडोसा ना पाणी. चोविसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली. डॉक्टर म्हणाले ठेवली तर कॅन्सर होईल, मी भ्याले. ऑपरेशनचे पैसेही उचलीतनंच, म्हणजे मुकादमानं आगाऊ दिलेल्या पैशातनं, ते फेडायला परत फडातच. २०१९ ला सरकारची समिती आली तेव्हा कळलं, आपल्या बीड जिल्ह्यात माझ्यासारख्या हजारो आहेत. आता वाकलं की कंबर धरते. दादा तुमच्या आईचं वाचून रडू आलं. मीपण रस्त्यातच बसायचे.

मेंढका
ताई, काळजी घ्या. दुसरं काय बोलू.

स्वाती_पुणे३८
ताई, मला हे काहीच माहीत नव्हतं. पिशवी काढल्यावर हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात, सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मागा. खरंच मागा.

हापूसवाला
एक वेगळंच. आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांत नेपाळी माणसं राखणीला असतात, पाऊस गेला की येतात, मे संपता संपता जातात. आमच्या बागेतल्या दाजूला, म्हणजे नेपाळी राखणदाराला, मालवणी समजते, त्याची बायको आमच्या आईकडून सोलकढी शिकली. दरवर्षी जाताना चूल लिंपून, सारवून जाते. पुढच्या वर्षी येणाऱ्याला घर स्वच्छ मिळावं म्हणते. येणारी तीच असते.

खडू_फळा
पाटोदा तालुक्यात शिक्षक आहे. दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो. हंगामी वसतिगृह चालवतो, म्हणजे पोरं गावातच आजीपाशी राहतात आणि जेवण शाळेकडून. ज्यांची आजी नाही ती जातातच. मार्चमध्ये परत आलेलं पोर फळ्याकडं नवख्यासारखं बघतं. डोंगरपट्टा, तुम्ही शिकलात कसे?

डोंगरपट्टा
सातवीला आजीनं सोडलं नाही गुरुजी. ट्रॅक्टरच्या पुढं आडवी झाली.

सुपारी_नारायणगाव
तमाशाचा ट्रक मी बारा वर्षं चालवला. दसऱ्याला फड बाहेर पडला की वैशाखापर्यंत रोज नवीन गाव. रात्री वग संपला की तंबू उतरवायचा, पहाटे गाडी हाणायची, कलाकार मागं सामानावर झोपलेले. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. ती गर्दी बघितली की वर्षाचं पोट कळायचं. २०२० ला राहुट्या ओस पडल्या.

कोयता नं १
२०२० चं नाव काढू नका. कारखान्यावरच अडकलो. पट्टा पडलेला म्हणजे गाळप बंद झालेलं, किराणा संपलेला, गावाकडं म्हातारी एकटी. एप्रिलमध्ये सरकारनं परवानगी दिली तेव्हा हललो. तपासणी, शिक्के. गावच्या शिवेवर आपलीच माणसं आत घेईनात, शाळेत ठेवलं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला हे चांगलंच झालं, पण उचल अजून फिटत नाही.

स्वाती_पुणे३८
कोयता म्हणजे एक माणूस का?

कोयता नं १
नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडणार, ती मोळी बांधणार आणि वाहणार. उचल जोडीला, आणि घेतो गडी.

केजची लेक
खरंय भाऊ.

मेंढका
डोंगरपट्टा, आई आहेत का अजून?

डोंगरपट्टा
आहे, गावीच असते. आत्ताच फोन झाला. टेंभुर्णीचं सांगितलं. तिनं माणसांचं नंतर विचारलं, आधी विचारलं, मागच्या ट्रॉलीला चमकणारी पट्टी होती का? आमच्या टोळीतली एक ट्रॉली रात्री मागनं ट्रकनं ठोकली होती. दोघं गेले. मी बघितलंच नव्हतं, पट्टी होती का ते.

कोयता नं १
आमच्या वस्तीवरून उद्या सात ट्रॅक्टर निघणारेत. कुठं मिळते ती पट्टी?

सुपारी_नारायणगाव
गाड्यांच्या पार्टच्या दुकानात. मागं लाल, पुढं पांढरी. आधी फळी पुसून कोरडी करा, धुळीवर चिकटत नाही. आणि मागच्या ट्रॉलीला पहिल्यांदा लावा.