आधी बोगदाच हवा

‘कॅलिफोर्नियातलं अँडरसन धरण भूकंपात टिकणार नाही, तर धरणाची भिंतच आधी नव्याने बांधा, पाणी सोडायच्या बोगद्यावर खर्च कशाला?’ हे काहींचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. भिंत उकरायची तर तलाव रिकामा ठेवायला हवा, आणि तलावातून पाणी सोडायच्या 1950 सालच्या पाइपातून मोठ्या पावसाचं पाणी निघतच नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये पाइप उघडा असूनही तलाव भरला, सांडव्यावरून पाणी कोयोटी क्रीक या ओढ्यात आलं आणि सॅन होजेत सुमारे 14,000 लोकांना घरं सोडावी लागली. तिथल्या रॉक स्प्रिंग्ज वस्तीच्या फुटपाथवर चिखलाने जड झालेल्या गाद्यांचे ढीग मी स्वतः पाहिलेत.

पुणेकरांना तर हे सांगायलाच नको. 1961 ला पानशेत धरणाच्या मोरीचं (भिंतीखालून पाणी सोडायच्या मार्गाचं) काम अपुरं असतानाच तलाव भरला, आणि त्या मोरीवरचाच भराव खचला.