‘टील’ म्हणजे नेमकं कुठलं बदक आणि कुठला रंग? फलकासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या (मालवण तालुका) तळ्याकाठी पक्ष्यांचा माहितीफलक लावायचं ठरलंय. वाचणार शाळेतली पोरं, त्यामुळे नावं मराठीतच हवीत. गाडी अडलीय ती ‘टील’पाशी.

गावातल्या एका गुरुजींनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी आमच्याकडे आहेत. नावं जुन्या इंग्रजी पुस्तकांतली: व्हिसलिंग टील, कॉटन टील, ब्लू-विंग्ड टील, कॉमन टील, आणि बऱ्याच पानांवर नुसतंच ‘टील’. गुरुजी आता नाहीत, त्यामुळे विचारायचं कुणाला?

पहिली म्हणजे आपली शीळ घालत उडणारी अडई. तिसरं भुवई बदक, म्हणजे गार्गनी. नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई असते. चौथं चक्रांग. कॉटन टीलला नव्या पुस्तकांत कॉटन पिग्मी गूज म्हणतात, तिच्यासाठी कोकणात चालणारं नाव हवंय. थोडक्यात, जुन्या लोकांनी लहान चणीच्या कुठल्याही बदकाला टील म्हटलेलं दिसतं. जुलैतल्या नोंदी अडईच्या किंवा कॉटन टीलच्या असणार, कारण बाकीची दोन थंडीतले पाहुणे. पण डिसेंबर-जानेवारीतल्या नुसत्या ‘टील’चं काय करायचं? अंदाजाने चक्रांग लिहायला मन धजत नाही. गुरुजींच्या वहीत नसलेलं त्यांच्या नावावर घालायचं नाही, एवढं आमचं पक्कं आहे.

दुसरा घोळ रंगाचा. टील हे रंगाचं नाव चक्रांगावरूनच आलं. नराचं डोकं तांबूस-तपकिरी, डोळ्यावरून मागे जाणारा हिरवा पट्टा, त्याला फिकट पिवळी कड. पक्ष्याचं नाव इंग्रजीत कित्येक शतकं जुनं, रंगाला ते मिळालं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. संगणकावरच्या टीलमध्ये लाल शून्य, हिरवा आणि निळा प्रत्येकी 128. रंगारी शेडकार्डावरचा तोच रंग पट्ट्यात भरू म्हणतोय. मला ते पटत नाही. खरा पट्टा त्याहून हिरवा दिसतो आणि उजेड फिरला की त्याची चमकही बदलते, कारण ती पिसाच्या रचनेतून येते. सपाट निळसर रंग बघून पोरं तळ्यावर तसलंच बदक शोधत बसतील! पंखावरचा हिरवा चट्टाही महत्त्वाचा, कारण तपकिरी मादीत तेवढीच खूण दिसते.

शिवाय मजकुरात या रंगाला म्हणायचं काय? रंगारी ‘रामा’ म्हणतो, घरात कुणी ‘मोरपंखी’, आईच्या मते हा लुगड्यातला ‘चिंतामणी’. मला मोरपंखी जास्त निळा वाटतो आणि चिंतामणी फिका. ‘निळसर हिरवा’ लिहिलं तर चालेल का?

थंडीत चक्रांग आणि भुवई बदक दोन्ही पाहिलेल्यांनी, विशेषतः सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्यांनी, कृपया सांगा. माद्या लांबून कशा ओळखता तेही लिहा. नराचा उन्हातला स्पष्ट फोटो असेल तर इथे टाका, रंगाऱ्याला दाखवता येईल. तो दसऱ्यानंतर येणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.