नाताळच्या जेवणात किती 'कोर्स' ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही मिरजेचे. यंदा 25 डिसेंबरचं जेवण आमच्याकडे, माणसं चौदा. पुण्याहून पुतणी येतेय, तिचा हट्ट की सूप, स्टार्टर, मुख्य जेवण, पुडिंग असे चार कोर्स करायचे. आजवर आमच्याकडे चर्चहून आलं की चहाबरोबर करंजी-चकली-केक आणि दीडला थेट मटण-भाकरीची पंगत. मधलं काही नाही.

मटण तीन किलो, कुकर पाच लिटरचा, म्हणजे दोन खेपा. शेगडीला बर्नर दोनच, आणि भाकरी तर तव्यावरून ताटातच हवी. शिवाय सासूबाईंना इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर चालत नाही. सूप-स्टार्टरमध्ये तासभर गेला तर त्यांनी काय करायचं?

मला सुचलंय ते असं: पांढरा रस्साच कपातून आधी द्यायचा, झालं की सूप! (पुतणीला अजून सांगितलेलं नाही.) पण नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळला की तो फाटतो. चौदा कप गरम कसे ठेवायचे? आणि तीन कोर्स पुरतील ना, की स्टार्टर हवाच? घरी एवढ्या माणसांना कुणी असं वाढलंय का?