विषय: दिवाळी अंकाची पानं उलटसुलट

मंडळी, नमस्कार.
माहेरपणाला नाशकात आले आणि अंकाची छपाई गळ्यात पडली. ४१ पीडीएफ पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत कोड लिहून जोडल्या आणि फाइल काल रविवार कारंज्याजवळच्या प्रेसमध्ये दिली. तिथल्या मुलाने स्क्रीनला पट्टी लावूनच दाखवलं, की काही पानं बुटकी आहेत. आणि पान १ नंतर थेट १०! २ नंबरचं पान १९ च्या मागे जाऊन बसलंय. कोडला एकही एरर नाही. कुणी सांगेल का?

---

काकू, एरर कशाला येईल? फाइलचं नाव म्हणजे कोडच्या लेखी नुसती अक्षरं. १० मधला १ हा २ च्या आधी लागतो, संपलं. क्रम लावताना नावाचा इंट, म्हणजे पूर्णांक, करून घ्या.

बुटकी पानं आम्हा अमेरिकावाल्यांची. आमचा कागद लेटर, ६१२ बाय ७९२ पॉइंट. तुमचा ए-फोर ५९५ बाय ८४२. (७२ पॉइंटचा एक इंच.) पानाची नुसती चौकट बदलू नका, उजवी कड कापली जाईल. ए-फोरचं कोरं पान घ्या, त्यावर लेटरचं पान ०.९७२ पटीने लहान करून ३६ पॉइंट वर सरकवून ठेवा. पीडीएफची मोजणी डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होते, मी यात एकदा अख्खी रात्र घालवलीय. आता वर-खाली अर्धा-अर्धा इंच कोरा राहील, बाजूला काही नाही.

आणि पीडीएफ जोडायला पायथनची पायपीडीएफ२ ही लायब्ररी वापरत असाल, तर ती काढून टाका. तिचं काम थांबलंय, पुढचं सगळं शेवटच्या २ शिवायच्या पायपीडीएफमध्ये होतं.

---

अरे, जमलं! पट्टी पुन्हा लागली, सगळी पानं एका मापाची. मधे एक घोळ घातलाच. २३ नंबरचं आडवं पान फिरवायला गेले आणि फिरलं २४. पायथन शून्यापासून मोजतं हे मुलांना शिकवताना दहादा सांगते, स्वतः मात्र विसरले.

फाइल घेऊन गेले तर तो मुलगा म्हणतो, "मॅडम, सगळं बरोबर आहे, पण मुखपृष्ठ कुठाय?"

तुझा तो इंट! 'मुखपृष्ठ' या नावाचा आकडा होईना, कोड तिथेच अडकला, म्हणून मी ती फाइल काल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली होती. आता तिचं नाव ००० ठेवलंय.