सरोगेट मदरला मराठीत काय म्हणावं? ('भाडोत्री' सोडून)

रानजाई
एका दवाखान्यासाठी सरोगसीचं संमतीपत्र मराठीत करतेय. २०२१ च्या सरोगसी कायद्यात स्पष्ट आहे की जी बाई दुसऱ्या जोडप्यासाठी गर्भ वाढवणार तिची लेखी संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यायची. म्हणजे हा कागद शोभेला नाही, एक बाई तो खरंच वाचणार, कदाचित सातवी-आठवी शिकलेली, आणि खाली सही करणार. आधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात सगळीकडे 'भाडोत्री माता' आहे. 'भ्रूणरोपणापूर्वी केव्हाही संमती मागे घेण्याचा भाडोत्री मातेस हक्क राहील.' हक्क सांगणारं वाक्य आणि त्यातच असा शब्द, मी हे तिच्यापुढे ठेवणार नाही. दुसरा शब्द सुचवा. आणि 'बाळाशी जनुकीय संबंध नसेल' हे सोपं करून कसं लिहायचं तेही सांगा.

खडूफळा
भाडोत्री शब्दात मुळात काही वाईट नाही. आमच्या गिरगावात जुने घरमालक भाडेकरूला भाडोत्रीच म्हणायचे, त्यात कुणाला अपमान वाटत नसे. गुजरातीत तर आजही भाडूत म्हणजे सरळ भाडेकरू. गुंड आणि मारेकरी त्याला पेपरवाल्यांनी चिकटवले. एकेक शब्द बदनाम झाला म्हणून टाकत बसलो तर मराठीत उरणार काय? तरी नकोच असेल तर 'धात्री' घ्या, संस्कृतातला भारदस्त शब्द आहे.

लोकल_८_१२
सर, गिरगावात तेव्हा काय म्हणायचे हे त्या सही करणाऱ्या बाईला कोण समजावणार? तिच्या कानावर भाडोत्री गुंडच आलाय. आणि शब्द नुसता वाईट नाही, चुकीचा आहे. २०२२ च्या जानेवारीत कायदा लागू झाला तेव्हापासून पैसे देऊन सरोगसी हा गुन्हा आहे, औषधपाण्याचा आणि नियमांत ठरवलेला इतर खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढंच काय ते. जिथे भाडंच नाही तिथे भाडोत्री कसली? गुजरातेत आणंदला परदेशातून जोडपी सरोगसीसाठी यायची, त्या काळातला शब्द आहे तो, परदेशी लोकांना २०१५ मध्येच बंदी झाली.
आणि धात्री म्हणजे दूध पाजणारी दाई. तिचं काम बाळ जन्मल्यावर सुरू होतं, इथे बरोब्बर उलट आहे.

पाटपाणी
मग 'उसनं मातृत्व' घ्या की. पैसे नाहीत, माणुसकीखातर दिलंय, शेजारून वाटीभर साखर आणतो तसं. उसनवारीत अपमान नसतो.

सोलापुरी_चटणी
साखर उसनी घेतली तर आपण साखरच परत करतो. इथे कोण कुणाला काय परत करतंय? गर्भाशय तर कुठे गेलेलंच नाही, ते तिच्याच अंगात आहे. आणि तिनं जे नऊ महिने ओकाऱ्या काढल्या, पाय सुजवले, सिझर झालं तर टाके घेतले, त्याची उसनवारी कधी फिटते हो? मला हा शब्द भाडोत्रीपेक्षा जास्त खुपतो. भाड्यात निदान कष्टाला मोल आहे हे मान्य तरी असतं. कायदा या बिनपैशाच्या सरोगसीला 'परोपकारी' म्हणतो, तेसुद्धा मला पटत नाही. डॉक्टरला फी, वकिलाला फी, दवाखान्याचं बिल चोख, आणि जिच्या जिवावर हे सगळं चाललंय तिनं तेवढा परोपकार करायचा.

टेक्सासकर
इकडे डॉक्टर लोक मदर म्हणतच नाहीत, 'गेस्टेशनल कॅरियर' म्हणतात, म्हणजे आई कोण हा घोळच नको. त्यावरून 'गर्भवाहक' कसं वाटतं?

लोकल_८_१२
वाहक म्हटलं की एसटीचा कंडक्टर. आणि दवाखान्यात त्याहून वाईट, तिथे वाहक म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक. त्याच बाईच्या रक्ततपासणीच्या कागदावर 'वाहक नाही' आणि संमतीपत्रावर 'वाहक', ती बिचारी घाबरेल.

खडूफळा
पुराणात तयार शब्द असताना एसटी स्टँडवर कशाला जायचं? देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात नेऊन ठेवला, ओढून नेला म्हणून बलरामाचं नाव संकर्षण. ही सरोगसीच आहे. 'रोहिणी माता' म्हणा.

पाटपाणी
यशोदा जास्त पोचेल लोकांना.

खडूफळा
यशोदेनं सांभाळलं हो, पोटात वाढवलं नाही. सरोगसी आणि दत्तक यांत हीच गल्लत सगळीकडे होते.

सोलापुरी_चटणी
रोहिणीही बसत नाही. बलराम तिच्याचकडे वाढला, तिचाच मुलगा म्हणून. कायद्यात जन्मल्या क्षणापासून बाळ त्या जोडप्याचं, त्यांचं जैविक मूल धरलं जातं. शिवाय रोहिणीला कुणी विचारलं होतं? रानजाईंचा कागदच मुळी विचारण्याचा आहे.

शेवंती
मी सहसा लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही. मला जन्मतःच गर्भाशय नाही. अंडाशय उत्तम. आमचं बाळ माझ्या मोठ्या जाऊबाईंनी वाढवलं, नव्या कायद्याप्रमाणे सगळं रीतसर, मेडिकल बोर्डाचा दाखला, कोर्टाचा पालकत्वाचा आदेश. घरात आम्हाला शब्दाची अडचण कधी आलीच नाही कारण आमच्यात थोरल्या काकूला तशीही 'मोठी आई' म्हणतात. अडचण आली सातव्या महिन्यात, ओटी कुणाची भरायची? सासूबाई म्हणाल्या दोघींची. जाऊबाईंना पाटावर बसवलं, हिरवी साडी, आणि मी पलीकडच्या पाटावर. खण-नारळ दोघींच्या पदरात. तेवढ्यात एक लांबच्या मावशी मला म्हणाल्या, "तुला कशाला गं, तुझी कूस कुठे आहे?" जाऊबाईंनी आपल्या ओटीतला नारळ उचलून माझ्या ओटीत ठेवला आणि मावशींना म्हणाल्या, "बीज तिचं, घर माझं. पुढची बाई येऊ दे."
तर रानजाई, दुसऱ्या प्रश्नापुरतं, 'बाळ तुमच्या बीजाचं नसेल' एवढंच लिहा. कायद्यानं सरोगेटचं स्वतःचं स्त्रीबीज वापरताच येत नाही, त्यामुळे वाक्य अचूकही आहे. फक्त 'रक्ताचं नाही' लिहू नका, नऊ महिने पोषण तिच्याच रक्तातून मिळतं. जाऊबाईंना तो शब्द फार लागला असता.

रानजाई
शेवंती, मनापासून आभार. बीजाचं वाक्य घेतलं. आता नावाचं तेवढं बघा.

खडूफळा
शेवंतीताई, तुमच्या जाऊबाईंना नमस्कार. पण 'बीज तिचं, घर माझं' हे जुनं बीज-क्षेत्रच झालं. त्यात बाई म्हणजे शेत, पेरणारा दुसरा.

शेवंती
जुन्यात बीज फक्त पुरुषाचं होतं. इथे ते माझंही आहे, आणि घर म्हणणारी ज्या घराचं बोलतेय ते तिचं स्वतःचं. तिनं निवडलेला शब्द मी बदलणार नाही.

टेक्सासकर
नावात आई हवीच का पण? माझ्या मते 'गर्भ वाढवणारी स्त्री' एवढं सरळ लिहावं.

सोलापुरी_चटणी
+१. लांब आहे पण वाचताक्षणी कळतं. कायद्याच्या नावासाठी एकदा 'सरोगेट' टाका, तो शब्द आता गावोगाव माहीत आहे, आणि पुढे सगळीकडे 'तुम्ही' लिहा. 'तुम्हाला संमती मागे घेता येईल.' नावाची गरजच उरत नाही.

खडूफळा
म्हणजे मराठी शब्द घडवायचाच नाही. परक्या भाषेतून घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. 'कूसमाता' का नको? कूस हा खास आपला शब्द आहे, कुश म्हणजे दर्भ, त्याच्यापासून.

लोकल_८_१२
दर्भाशी काही संबंध नाही सर, कूस आली कुक्षीपासून. कुक्षी म्हणजे पोट, उदर. त्याच कुशीत आपण झोपतो, डोंगराच्या कुशीत गाव असतं, कूस बदलतो तीही हीच. कूसमाता ऐकून निम्म्या लोकांना बाळाला कुशीत घेणारी वाटेल, आणि ती तर शेवंती आहेत.

पाटपाणी
'कूस उजवणे' मधलं उजवणे काय मग? उजवी कूस शुभ म्हणून?

लोकल_८_१२
उजव्या बाजूशी संबंध नसावा. व्रत उजवतात ना, उद्यापन करतात, ते उजवणं. पूर्ण होणं, फळाला येणं.

सोलापुरी_चटणी
आमच्याकडे पोरगी उजवली म्हणतात, म्हणजे लग्न लावून दिलं. तेही उद्यापनच का?

खडूफळा
ते बघायला हवं. यावर सविस्तर लिहितो रात्री.