एकशिक्षकी शाळेत टीव्हीचा उपयोग नेमका कसा करावा?

सत्तरीची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा एकशिक्षकी असल्यामुळे पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत बसतात आणि एकूण पट विसाच्या आत आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावी आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला मोठ्या पडद्याचा टीव्ही घेऊन दिला. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून मी घरी ध्वनिचित्रफिती उतरवून पेनड्राईव्हवर आणते आणि त्या शाळेत लावते.

माझी अडचण यंत्र चालवण्याची नाही. तिसरी-चौथीसाठी काही लावले की पहिली-दुसरीची मुले पाटी खाली ठेवून पडद्याकडे पाहत बसतात, आणि ज्यांच्यासाठी ते लावले ती मुलेही पाहतात खरी, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर त्यांना चित्रे आठवतात, मुद्दा आठवत नाही. शिवाय आमची मुले घरी कोंकणी बोलतात. ध्वनिचित्रफितीतले मराठी त्यांना परके नसले, तरी निवेदकाचा वेग त्यांना झेपत नाही. बहुवर्ग अध्यापनाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे, की हे साधन कोणत्या कामासाठी वापरावे आणि कोणत्या कामासाठी वापरूच नये?

डिचोलीतील प्राथमिक शिक्षक

बाई, तुमचा प्रश्न बहुतेक एकशिक्षकी शाळांचा आहे. एका वर्गाला पडद्यापुढे बसवावे आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या वर्गाला शिकवावे, ही कल्पना कागदावर चांगली दिसते. प्रत्यक्षात एका खोलीत ती चालत नाही, कारण हलणारे चित्र समोर असताना सहा वर्षांचे मूल बेरजा करीत बसेल अशी अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे. म्हणून मी उलट मार्ग धरला आहे. पडदा लागला की तो चारही वर्गांसाठी लागतो, आणि काम मात्र चार प्रकारचे असते.

कुळागराचे, म्हणजे आपल्याकडील पोफळीच्या बागेचे, उदाहरण घ्या. मी माझ्याच फोनवर एका पालकाच्या कुळागराची छायाचित्रे घेतली : पोफळींच्या ओळी, त्यांवर चढवलेल्या मिरवेली, खाली केळी आणि मधून वाहणारा पाट. त्यांतील एकच छायाचित्र टीव्हीवर स्थिर ठेवले. पहिलीने दिसणाऱ्या वस्तूंची नावे सांगायची, दुसरीने ती पाटीवर लिहायची, तिसरीने पाणी कुठून येते व कुठे जाते ते तीन-चार वाक्यांत लिहायचे, आणि चौथीने पोफळीच्या सावलीत केळ का लावतात यावर आपसांत बोलून उत्तर तयार करायचे. पहिलीची मुले कोंकणीत नावे सांगतात, त्यांच्याशेजारी मी मराठी नाव फळ्यावर लिहितो. यात चालू असलेली ध्वनिचित्रफीत नाहीच, त्यामुळे निवेदकाच्या वेगाचा प्रश्नही उरत नाही.

ध्वनिचित्रफीत लावायचीच असेल, तर आवाज बंद करून निवेदन स्वतः करावे, असे मी सुचवीन. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र देऊन शिकवण्यावर अनेक वर्षे प्रयोग केले आहेत. चित्र दिसत असताना तोच मजकूर ऐकूही येत असेल आणि पडद्यावर लिहिलेलाही असेल, तर शिकणाऱ्यावर नाहक भार पडतो आणि समज वाढण्याऐवजी कमी होऊ शकते, असे त्यांना आढळले. आपल्याकडील कित्येक ध्वनिचित्रफितींत नेमके हेच असते, वर पार्श्वसंगीतही असते. आवाज बंद केला की थांबायचे कुठे, हेही तुमच्या हातात येते. आणखी एक पथ्य पाळावे. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमासाठी केलेले साहित्य मराठीत आहे म्हणून जसेच्या तसे लावू नये. तिथल्या चौथीच्या परिसर अभ्यासाचा एक भाग शिवछत्रपतींच्या चरित्राचा आहे. तो आपल्या मुलांनीही अवश्य पाहावा, पण आपली म्हादई नदी आणि कुळागर त्यात सापडणार नाहीत.

फोंड्याची गणित शिक्षिका

वरील मत परिसर अभ्यासापुरते पूर्ण मान्य आहे. गणितात मात्र स्थिर चित्राने भागत नाही, तिथे मुलाला स्वतः काहीतरी हलवून पाहता आले पाहिजे.

कोलोराडो विद्यापीठाने 2002 पासून विकसित केलेला 'फेट' हा गणित-विज्ञानाच्या, पडद्यावर हलवून पाहता येणाऱ्या संगणकीय प्रतिकृतींचा संग्रह अवश्य पाहावा. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले कार्ल वीमन यांनी तो सुरू केला. त्यातील बऱ्याच प्रतिकृती मराठीत उपलब्ध आहेत आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. त्यासाठी टीव्हीच्या स्वतःच्या ब्राउझरवर विसंबू नये; एखादा जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा.

चौथीच्या मुलाला एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश, असे विचारले तर पुष्कळ मुले अष्टमांश म्हणतात, कारण चारापेक्षा आठ मोठे. आपण कितीही समजावले तरी ही समजूत जात नाही. मी आधी सर्वांना सारख्या लांबीच्या कागदाच्या पट्ट्या देऊन घड्या घालायला लावते. त्यानंतरच अपूर्णांकांची प्रतिकृती लावते आणि एकेका मुलाला पुढे बोलावून तुकडे जुळवायला सांगते. कृती करण्यापूर्वी बाकीच्यांनी आपले उत्तर वहीत लिहून ठेवायचे, असा माझा नियम आहे. आधी अंदाज लिहिलेला असला की चुकलेले मूल पडद्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. तुमची मुले दुसऱ्या दिवशी विसरतात, त्यालाही हाच उपाय थोडा वेगळ्या रूपात लागू पडेल. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिले होते. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, हे ध्यानात ठेवूनही मी म्हणेन की पाच मिनिटे दाखवावे, टीव्ही बंद करावा आणि काय पाहिले ते सांगायला लावावे.

पेडण्याचे निवृत्त मुख्याध्यापक

चर्चा चांगली चालली आहे, परंतु माझा सूर थोडा वेगळा आहे. शाळेत यंत्र आले म्हणजे शिक्षण सुधारले, हा समज आपल्याकडे जुना आहे. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळाले, 2021 पासून शाळांमध्ये कोडिंग व रोबोटिक्सची योजना आली. या योजनांना माझा विरोध नाही. मात्र पेरू देशाने प्राथमिक शाळांतील मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि नंतर 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, तेव्हा गणितात किंवा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही, हेही आपण विसरू नये.

दुसरा मुद्दा देखभालीचा. देणगीदार वस्तू देतात, दुरुस्तीसाठी कोणी वर्गणी काढत नाही. सत्तरीचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा यंत्रात शिरतो, वीज गेली आणि दाब वाढून आली तर सर्किट जळते. म्हणून व्होल्टेज स्टॅबिलायझर आधी बसवून घ्यावा, शाळा सुटताना प्लग काढावा, आणि लांब सुटीतही कोणीतरी अधूनमधून टीव्ही सुरू करून ठेवील अशी व्यवस्था करावी.

आणि तिसरे. प्राथमिक शाळेत टीव्हीपेक्षा आपल्या खिशातला फोन अधिक कामाचा आहे, तोही केवळ ध्वनिमुद्रणासाठी. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन मुद्रित करावे. वर्गाच्या गलक्यात जे ऐकू येत नाही ते त्यात स्पष्ट ऐकू येते : हे मूल पहिले अक्षर पाहून शब्द अंदाजाने पुरा करते, 'पाण्यात'च्या जागी 'पाण्याला' वाचून पुढे जाते, ते दुसरे पूर्णविरामाशी थांबतच नाही, म्हणजे त्याला अर्थ लागलेला नाही. कोणाला जोडाक्षरांचा सराव द्यायचा आणि कोणाला सोपा उतारा द्यायचा, हे त्यावरून ठरवता येते.

सत्तरीची शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आवाज बंद करण्याची सूचना मला फार पटली. मात्र एक अडचण राहते. काही पालकांना टीव्ही रोज चालू दिसला पाहिजे, कारण शहरातल्या शाळांत रोज 'स्मार्ट क्लास' असतो असे ते ऐकून आहेत. पट टिकवायचा असेल तर त्यांचेही ऐकावे लागते. आणि वाचनाचे ध्वनिमुद्रण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले तर चालेल का?

फोंड्याची गणित शिक्षिका

गटावर मुळीच टाकू नये. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज वाड्यावरच्या सगळ्यांच्या फोनवर फिरणे बरे नव्हे. मुद्रण केवळ त्याच मुलाच्या पालकांना, समोर बसवून ऐकवावे.

डिचोलीतील प्राथमिक शिक्षक

पालकांच्या अपेक्षेचे उत्तरही त्यातच आहे. पालक-शिक्षक संघाच्या सभेनंतर एकेका पालकाला जूनमधले आणि डिसेंबरमधले वाचन लागोपाठ ऐकवावे. आमच्याकडे असे केल्यावर टीव्ही रोज का लागत नाही, हा प्रश्न पुढच्या सभेत फक्त एकाच पालकाने विचारला, आणि त्यांना मी कुळागराच्या तासाला येऊन बसायला सांगितले.